हाफकिन नावाचा माणूस

परळ म्हटलं की हाफकिन हे नाव ओघानं येतंच. सापाच्या विषावरचं औषध, पोलिओचे थेंब, कोविडच्या चाचण्या, या सगळ्यांच्या निमित्तानं आपण ते ऐकलेलं असतं. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाचं आयुष्य प्लेग, दंगे, सरकारी चौकश्या आणि बदनामी या सगळ्यातून गेलेलं आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून या अंकासाठी मी तोच विषय घेतला.

दुसरं कारण माझ्या गावाचं. मी दादरा नगर हवेलीतल्या खानवेलची. तिथून दमण पन्नासेक किलोमीटर. आज दोन्ही एकाच केंद्रशासित प्रदेशात आहेत, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीसुद्धा नगर हवेली पोर्तुगीजांच्या दमण जिल्ह्यातच मोडायची. हाफकिनच्या कामातला सगळ्यात बोलका आकडा मला सापडला तो या दमणचा. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी माणूस ओळखीचा होऊ दे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, ओदेसा शहरातला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुटुंब ज्यू. ओदेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि गुरू मिळाले मेचनिकॉव्हसारखे, ज्यांना पुढं नोबेल मिळालं. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. तरुण हाफकिन आपल्या वस्तीचं रक्षण करणाऱ्यांत सामील झाले. त्यांना अटक झाली, आणि मेचनिकॉव्ह यांनी त्यांच्या बाजूनं शब्द टाकला म्हणून ते सुटले. पुढं विद्यापीठात वरची जागा हवी तर आधी धर्म बदला, असा मामला होता. त्यांनी नकार दिला. जागा गेली. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या धर्मांची मुलं एकाच बाकावर बसतात, त्यामुळं या नकाराची किंमत आपल्याला चटकन कळत नाही. त्यांना ती देश सोडून मोजावी लागली.

१८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचले. तिथं सुरुवातीला जागा मिळाली ती ग्रंथालयात, सहायक म्हणून. दिवसा पुस्तकं, उरल्या वेळात प्रयोगशाळा. अशा माणसानं १८९२ मध्ये कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. लक्षात घ्या, ते वैद्यकीय पदवीधर नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी डॉक्टरांच्या मनात ही गोष्ट कायम खुपत राहिली.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. कॉलरा इथं दरवर्षीचाच, तेव्हा लस खरी की खोटी हे इथंच कळणार होतं. कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्प्सन यांच्या मदतीनं ते वस्त्यांमध्ये शिरले. लोक घाबरले, एका वस्तीत दगडसुद्धा आले म्हणतात. तेव्हा हाफकिननी काय केलं, तर सगळ्यांसमोर स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या बरोबर बंगाली डॉक्टर होते, आणि ते लोकांशी लोकांच्या भाषेत बोलत होते. हळूहळू माणसं पुढं आली. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस मिळाली. कुणावर सक्ती नव्हती. पुढं मलेरियानं आजारी पडून ते युरोपात परतले आणि १८९६ मध्ये पुन्हा आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात माणसं मरू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी ताप आणि गाठी पाहून हा प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. सुरुवातीला हे मानायला कुणी तयार नव्हतं, कारण प्लेग म्हटलं की बंदर बंद, व्यापार बंद. मुंबईचा कापूस आणि कापड जहाजांनी जगभर जायचं. युरोपातले देश मुंबईची जहाजं अडवायच्या गोष्टी करू लागले, आणि १८९७ च्या सुरुवातीला व्हेनिसला त्यासाठी परिषदच भरली. इकडं आठ लाखांवर वस्तीच्या मुंबईतून जवळपास निम्मी माणसं गावाकडं पळाली. गिरण्यांना कामगार मिळेनात. म्हणजे प्लेग हा एकाच वेळी आरोग्याचा, पोटाचा आणि राजकारणाचा प्रश्न झाला होता.

सरकार हादरलं आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा आणला. घरात शिरायचं, माणूस उचलून इस्पितळात न्यायचा, सामान जाळायचं, प्रवासी अडवायचे, असे सगळे अधिकार अधिकाऱ्यांच्या हाती आले. (कोविडच्या वेळी आपण ज्या कायद्याचं नाव ऐकलं, तो हाच.)

आता दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवून बघूया.

पहिलं चित्र पुण्याचं. तिथं रँड नावाच्या अधिकाऱ्याला प्लेगचं काम दिलं आणि मदतीला गोरे सोल्जर. सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली. रोग थांबवायचा हेतू असेलही, पण लोकांना दिसली ती बेअब्रू. माणसं आजारी लपवू लागली आणि मृत्यूसुद्धा लपवू लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारीही मारला गेला. पुढं चापेकर फासावर गेले, आणि लोकमान्य टिळकांना लेखांवरून राजद्रोहाची शिक्षा झाली. आरोग्याची मोहीम खून आणि फाशीपर्यंत जाऊन पोचली. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला उचलून न्यायचं काम सोल्जरही करत होते आणि सावित्रीबाईही. फरक काय होता, तो वेगळा सांगायला नको.

मुंबईतही हेच घडलं. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात तपासणीसाठी आलेल्या पथकाला विणकरांनी अडवलं. भांडण आजारी मुलीला नेण्यावरून सुरू झालं आणि दंगा पेटला. त्यानंतर सरकारला हात सैल करावा लागला.

दुसरं चित्र हाफकिनचं. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन-चार शिपाई. तेवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली. ती कशी, हे मला फार गमतीचं वाटलं. प्लेगचे जंतू ज्या रश्शात वाढवायचे त्यावर ते साजूक तुपाचे थेंब सोडायचे. तुपाच्या थेंबाखाली जंतू लोंबत्या मुळ्यांसारखे वाढायचे. रस्सा गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा असता तर हिंदूंनी आणि मुसलमानांनी लस घेतलीच नसती, म्हणून त्यांनी बोकडाचं मांस वापरलं. शेवटी सगळं तासभर तापवून जंतू मारायचे, की लस तयार. लोकांचा धर्म, लोकांचं खाणं यांचा विचार बाटलीत लस भरण्याआधीच झाला होता!

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि ते बरे झाले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा निम्म्या कैद्यांनी लस घेतली, निम्म्यांनी घेतली नाही, आणि लस घेतलेल्यांत प्लेग खूपच कमी झाला. कैद्यांनी ती राजीखुशीनं घेतली अशी नोंद आहे. पण तुरुंगातल्या माणसाची राजीखुशी कितपत खरी, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यानं विचारलाच पाहिजे. त्या काळी तो फारसा कुणी विचारला नाही.

तुरुंगाबाहेरची माणसं मात्र खरोखरच मोकळी होती, आणि तिथं नुसत्या आकड्यांनी काम भागलं नसतं. खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तेव्हा विशीच्या आत-बाहेरचे. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिनना कामाला आपला बंगला दिला. मग त्यांच्या समाजातली निम्मी माणसं पुढं आली.

आणि आता दमण. १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत तिथं प्लेगनं थैमान घातलं होतं. राज्य पोर्तुगीजांचं, हाफकिन ब्रिटिश सरकारच्या नोकरीतले, तरी लस सीमा ओलांडून गेली. २१९७ जणांनी ती घेतली, ६०३३ जणांनी घेतली नाही. घेतलेल्यांपैकी ३६ दगावले. न घेतलेल्यांपैकी १४८२. म्हणजे एकीकडं शंभरात दोघांहून कमी, दुसरीकडं चौघांत जवळजवळ एक. संख्याशास्त्र शिकणारी मुलं लगेच म्हणतील, ही तुलना तंतोतंत नाही. कुणी लस आधी घेतली, कुणी साथ ओसरत असताना. घेणारे आणि न घेणारे सारख्याच घरांत राहत होते का, हेही बघायला हवं. बरोबर आहे. पण तो सगळा फरक वजा केला तरी १४८२ आणि ३६ यांच्यातलं अंतर पुसलं जात नाही. त्या काळच्या दमणमध्ये एवढी माणसं जाणं म्हणजे गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडणं.

हे आकडे वाचले तेव्हा मला आठवली ती माझी आई. ती आशा कार्यकर्ती आहे. खानवेलच्या आसपासच्या पाड्यांवर लसीकरणाच्या दिवशी ती बायकांना बोलवायला जाते. पाड्यावरच्या बाया तिला दोनच गोष्टी विचारतात. एक, तू स्वतः घेतलीस का, तुझ्या पोरांना दिलीस का? दुसरी, ताप आला तर उद्याची मजुरी कोण देणार? सिल्वासाच्या कारखान्यात कंत्राटावर जाणाऱ्याला किंवा दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणारीला एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाचा पैसा गेला. ही माणसं अडाणी म्हणून लस टाळतात, असं आईनं कधीच म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती म्हणते, त्यांचा हिशोब चुकीचा नसतो, आपलं उत्तर अपुरं असतं. म्हणून ती शक्यतो सुट्टीच्या आदल्या दिवशी बोलावते. मला वाटतं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाफकिननी कलकत्त्यात आणि मुंबईत स्वतःच्या दंडावर दिलं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेव्हाच्या सरकारनं क्वचितच दिलं. हाफकिनच्या लसीनंही दोन दिवस ताप भरायचा आणि दंड सुजायचा. गिरणी कामगाराला ते परवडत होतं का?

हळूहळू सरकारलाही लस पटली. १८९८-९९ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशननं लस उपयोगी आहे, पण सक्ती नको, असा कौल दिला. १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. एका खोलीतून थेट गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात! गोष्ट इथं संपली असती तर ती यशोगाथा झाली असती आणि मी कदाचित लिहिलीही नसती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला आणि सरकारनं प्रचंड मोठी मोहीम काढली. परळवर मागणीचा डोंगर कोसळला. लस लवकर व्हावी म्हणून बनवण्याच्या पद्धतीत बदल करून कार्बॉलिक आम्ल घालणं थांबवण्यात आलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. बाटल्या पाच होत्या, पण ते १९ जण एकाच बाटलीतले.

चौकशी बसली. बाटली मुंबईतच दूषित झाली असणार, असा निष्कर्ष निघाला. हाफकिनना परळच्या प्रमुखपदावरून दूर करून रजेवर पाठवलं गेलं. मात्र साक्षींमध्ये एक वेगळीच गोष्ट होती. बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट उकळून न घेता नुसता औषधाच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. शिवाय बाटलीत ते आधीपासून वाढत असते तर उघडताना घाण वास आला असता. तसा वास कुणाला आला नव्हता.

कागदपत्रं छापून बाहेर यायला चार वर्षं लागली. १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस यांनी इतर शास्त्रज्ञांबरोबर लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिनवर अन्याय झाल्याचं जाहीरपणे मांडलं. रॉस म्हणजे डासांमधून मलेरिया पसरतो हे दाखवणारे आणि त्याबद्दल नोबेल मिळालेले. त्याच वर्षाअखेर हाफकिन दोषमुक्त झाले आणि पुन्हा हिंदुस्थानात नोकरीवर आले. पण परळ त्यांना परत मिळालं नाही. कलकत्त्याला पाठवलं, तिथं पूर्वीसारखं काम हातात नव्हतं. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले आणि युरोपात गेले.

या प्रकरणात मला एक गोष्ट सलते. हाफकिनवर अन्याय झाला हे खरं, आणि त्यांची बाजू घेणारे नोबेलवाले होते म्हणून तो निदान उघडकीला आला. पण मुलकोवालच्या १९ जणांचं काय? त्यांच्या घरच्यांना खरं काय घडलं ते कुणी जाऊन सांगितलं का, याची चर्चा त्या सगळ्या वादात जवळजवळ नाहीच. दोष मुंबईचा की पंजाबचा, बाटलीचा की चिमट्याचा, यावर भांडण चाललं ते शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्यात. लोकांनी त्यावरून आपला धडा घेतला, आणि पंजाबातली मोहीम बसली. चूक झाली तर ती लवकर आणि सगळ्यांसमोर सांगायची असते. चार वर्षं दडवून ठेवलेल्या खऱ्याची जागा तोवर अफवांनी घेतलेली असते.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. तोवर तिथून प्लेगच्या लसीचे अडीच कोटींवर डोस बाहेर पडले होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. हिंदुस्थानात प्लेगनं सगळे मिळून एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस होती, तरी घेतले. कारण लस सगळ्यांपर्यंत पोचली नाही, घरं तशीच दाटीची राहिली, उंदीर तसेच राहिले, आणि पहिल्या वर्षीच्या सोल्जरांची भीती लोकांच्या मनात घर करून राहिली.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बरेचजण एनएसएसच्या शिबिराला जातात, कुणी उद्या सरकारी नोकरीत जातील, कुणी डॉक्टर होतील, कुणी पत्रकार. कधी ना कधी आपण कुणाच्या तरी दारात उभं राहून, हे तुमच्या भल्याचं आहे, असं सांगणार आहोत. तेव्हा रँडच्या वाटेनं जायचं की हाफकिनच्या, हा प्रश्न सोपा वाटतो. पण खरी परीक्षा मुलकोवालला होते. आपल्या मोहिमेत काही बिघडलं, तर त्याच दारात परत जाऊन खरं सांगायची तयारी आपल्यात आहे का, ते आत्ताच ठरवून ठेवूया.